मरळीच्या टाक्यातली नळी

मनसाराम मारबते म्हणजे बॉयलरचा फिटर. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बावीस वर्षं वाफेच्या पाईपांशी झोंबलेला गडी. मांडीएवढे जाड पाईप आणि त्यातली वाफ अशी, की सुईएवढ्या भोकातून सुटली तर बोट कापून नेईल. असल्या माणसाला घरच्या अर्ध्या इंची नळाचं काय कौतुक असणार, तुम्हीच सांगा! अठ्ठ्याण्णव साली क्वार्टर सोडून त्याने नव्या लेआऊटात चार खोल्यांचं घर बांधलं. गवंडी ठेवला, सुतार ठेवला, पण नळवाल्याचं नाव काढू दिलं नाही. "आपला हात जगन्नाथ," म्हणायचा आणि मिशीवरून बोट फिरवायचा.

गल्लीच्या मोठ्या लाईनीपासून कुंपणापर्यंतची जोडणी मात्र परवानेवाल्यानेच करायची असा नियम होता. तेवढ्यापुरतं लच्छूला बोलवावं लागलं. लच्छू बुटका आणि अबोल. वीस वर्षं तेच काम करत होता, आणि त्याचा परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सायकलच्या डब्यात असायचा. काम उरकून तो हात पुसत म्हणाला, "भाऊ, आतलंबी मीच करून देतो. नळाचं वायसर बदला, सिंक बसवा, ते घरचा माणूस करू शकते. पण ह्या लाईनीले जे जे जोडाल, ते साऱ्या गल्लीच्या तोंडात जाते. ते मले करू द्या."

"काऊन बे लच्छू, ढिवराच्या पोराले पोहणं शिकवून राह्यला काय?" मनसाराम खो खो हसला.

लच्छू हसला नाही. सायकलवर टांग टाकून निघून गेला.

आता मनसारामाने आत काय केलं ते ऐका. त्याचा भाऊ गावच्या तळ्यावर जाळं टाकायचा आणि महिन्यातून दोनदा जिवंत मरळ आणून द्यायचा. बर्फातली मासळी वच्छलाला, म्हणजे मनसारामाच्या बायकोला, चालत नसे. म्हणून परसात सिमेंटचं टाकं बांधलं आणि नळाची एक नळी तिकडे नेली. पण मरळीची एक खोड आहे. वरून धार पडली, की तिला वाटतं पाऊस आला, आणि ती उडी मारून टाक्याबाहेर पडते. मनसारामाला हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं. त्याने नळीचं तोंड थेट टाक्याच्या बुडात सोडलं. धार नाही, आवाज नाही, मरळ गपगार. कॉकही उघडाच ठेवला, पाणी आलं की आपोआप भरावं म्हणून. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला, की आल्यागेल्याला टाकं दाखवायचा.

एप्रिलात गल्लीत कुरकूर सुरू झाली. सकाळी पाणी यायचं त्याला पहिली दहा मिनिटं हिवसाण, नाक मुरडावा असा वास. शेजारी उतारावर अंजनाबाईंचं घर, तिथे सगळ्यांत जास्त. मनसारामही सगळ्यांबरोबर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला शिव्या घालायचा. मग अंजनाबाईंची सहा वर्षांची नात डिंपल हगवण-ओकारीने आडवी पडली. तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होती. मनसाराम नारळपाणी घेऊन भेटून आला. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळी आठला नळ गेला. नंतर त्याने टाक्यात मूठभर कोंडा टाकला. कोंडा पाण्यावर पसरला, भिजून खाली बसू लागला, आणि बुडाशी जाऊन सरळ नळीच्या तोंडात शिरू लागला. मनसारामाने बाही वर करून हात घातला. नळीने तळवा ओढून धरला.

लाईन रिकामी झाली होती, अंजनाबाईंचा खालचा नळ उघडा होता, आणि ह्याच्या टाक्यातलं मरळीचं पाणी उलट्या पावली गल्लीत चाललं होतं. रोज. वीज केंद्रात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह इंजिनियर नकाशातच टाकून ठेवायचे. मनसारामाने बावीस वर्षं नकाशात होतं तसं जोडलं होतं. कोणता व्हॉल्व्ह कशाला, हे त्याला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. पायाखालची जमीन सरकली बिचाऱ्याच्या! बिचारा कशाला म्हणायचं, पुढे त्याने जे केलं ते काही बिचाऱ्याचं काम नव्हे.

त्याने करवत आणली आणि नळी पाण्याच्या वर हातभर कापून टाकली. तुकडा गोणपाटाखाली लपवला. वच्छलाने विचारलं तेव्हा तोंड फिरवून सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग जा ना जी, सांगा अंजनाबाईले."

"सांगतो ना. दम धर."

दम धरता धरता अकरा वाजले आणि ऑफिसचा साहेब मजूर घेऊन गल्लीत आला. गल्लीतली टोकाची, सगळ्यांत खालची जोडणी अंजनाबाईंची होती आणि ती लच्छूने केली होती. जोड नालीच्या बाजूने गेलेला, म्हणून नालीचं पाणी आत शिरत असेल असा साहेबाला संशय. खणून उघडा केला. मनसारामाने वाकून पाहिलं. असा सफाईदार जोड त्याने वीज केंद्रातही थोडेच पाहिले होते. लच्छू खड्ड्याच्या काठावर उभा होता, टोपी हातात घेऊन.

साहेबाने विचारलं, "तुम्ही बॉयलरचे फिटर ना? तुम्हाला काय वाटतं?"

सगळी गल्ली त्याच्याकडे पाहत होती. ओसरीतून वच्छलाही पाहत होती. मनसाराम पुन्हा एकदा जोडाकडे वाकला. तो म्हणाला, "नालीच्या बाजूनं गेला हाय... काई सांगता येत नाई."

बस, एवढंच. खोटंही नाही आणि खरंही नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. साहेबाने जोड नवा करून घेतला आणि लच्छूचा परवाना तिथल्या तिथे जमा केला. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ आलं, येणारच होतं. "पाहा, लच्छ्याच्याच जोडात घाण होती," असं गल्ली एकमुखाने म्हणाली. आणि वाईट हे, की लच्छूलाही तसंच वाटलं.

त्यानंतरचे दोन महिने मनसाराम गल्लीतून मान खाली घालून जायचा. ताटात मरळ पडली की घास फिरायचा. डिंपल बरी होऊन अंगणात खेळायची, "मनसारामकाका" म्हणून हाक मारायची, आणि तो ऐकलं न ऐकलंसं करून आत जायचा. लच्छू घुग्घुसला ट्रकवर कोळसा भरायला जातो असं कळलं, त्या दिवशी तर तो जेवलाच नाही. लाज अशी, की आरशात पाहून दाढी करवेना.

जूनमध्ये एका दुपारी वच्छलाने पायात चपला घातल्या. "तुमी जाता का मी जाऊ?"

तो गेला. साहेबासमोर कागदावर सगळं लिहून दिलं, सही केली. साहेबाने दोनदा वाचलं आणि लच्छूचा परवाना काढून टेबलावर आपटला. "एवढे शिकलेले कारागीर तुम्ही!" म्हणाला. मग मनसाराम अंजनाबाईंकडे गेला. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबला.

"पोरगी सलाईनवर होती, तवा नारळपाणी घेऊन तुमीच आले होते ना जी?"

"हो बाई. तवा मले ठाऊक नव्हतं."

"अन् लच्छूले इथून हाकललं, तवा?"

मनसाराम मेल्याहून मेल्यासारखा झाला.

लच्छूचं घर रेल्वे फाटकापलीकडे. तो नुकताच घुग्घुसहून आलेला, कानामागे कोळसा तसाच. मनसारामाने परवाना पुढे धरला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची, मार खायचीही तयारी करून गेला होता. लच्छू खाटेवर बसला आणि परवाना उलटून-पालटून पाहू लागला.

"म्हणजे माहा जोड बरोबर होता?"

"एकदम बरोबर होता."

"नालीचं पाणी नव्हतं शिरलं?"

"नाई लच्छू. माह्या टाक्यातलं होतं."

"मी तं त्या पोरीच्या नावानं उपास करून राह्यलो होतो भाऊ," लच्छू म्हणाला. "दर सोमवारी."

मनसारामाने त्याच्यापुढे हात जोडले. काय बोलला, काय नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की माझ्या घरचं सगळं उखडून तूच नव्याने कर.

रविवारी लच्छू आला. टाक्याची नळी काढली, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावला, जोड कसला, पाणी सोडलं. थेंब नाही. पूर्वीचा लच्छू एव्हाना हत्यारं गोळा करून सायकलवर बसला असता. ह्याने जोड सोडवला आणि पुन्हा कसला. फडक्याने पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा सोडवला. तिसऱ्यांदा कसला.

"भाऊ," मान वर न करता तो म्हणाला, "तुमी एकडाव पाहून सांगता काय? मले आता आपल्या हाताचा भरोसा नाई वाटत."

मनसाराम गुडघ्यावर बसला. जोड कोरडा ठणठणीत होता. "बरोबर हाय लच्छू," तो म्हणाला, आणि लच्छू ते खरं मानावं की नाही म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.