कबुतरखान्यातले अण्णा

माझे सासरे, अण्णा, कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर बघायचे. "छप्पर कसं उभं आहे ते कळल्याशिवाय खाली बसू नये," हे त्यांचं ब्रीद. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर तो घरच्यांना शिकवायला घेतला. सासूबाई हात जोडून म्हणायच्या, "अहो, पुरे आता."

सासूबाई गेल्यावर आम्ही अण्णांना डब्लिनजवळ स्वोर्ड्सला आणलं आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला. वर्षश्राद्ध तोंडावर, विमानं बंद, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला मनाई. पानाला कावळा शिवल्याशिवाय अण्णा जेवणार नव्हते. "तिचं काही राहिलं असेल तर कळायला नको?" ते म्हणाले.

हद्दीतल्या एका पडक्या मठात मध्ययुगीन कबुतरखाना होता. कबुतरं केव्हाच गेलेली, आता तिथे राखाडी मानेच्या पक्ष्यांची वस्ती होती. माझा नवरा नितीन म्हणाला, "अण्णा, हे जॅकडॉ आहेत, आपले कावळे नव्हेत."

"कावळाच तो. थंडीचा मफलर घातलाय."

आत गोल दगडी खोली, भिंतभर घरट्यांचे कोनाडे, घुमटाच्या टोकाला उघडं भोक. मी खीर-वड्यांचं पान मधोमध ठेवलं. अण्णांनी वर बघितलं आणि आम्ही संपलो.

"दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत सरकवलाय. लाकूड कुठेच नाही. आणि मेघना, मठातल्या साधूंनी कबुतरं पाळली म्हणून भूतदया समजू नकोस. पिल्लं खायचे ते. हे कोठीघर आहे, कोठीघर."

भोकाच्या कडेला कावळा येऊन बसला, पण उतरेना. नितीनने हात जोडले. "आई, अण्णांना आम्ही जपू." कावळा ढिम्म. "आई, मी रोज व्यायाम करीन." कावळ्याने तोंड फिरवलं. अण्णा भिंतीची जाडी समजावत होते, पण त्यांचे डोळे भरले होते.

मला राहवेना. "अण्णा, आईंचं एकच मागणं होतं हो."

अण्णांनी भिंतीवरचा हात काढला. मग वर बघून हात जोडले. "बरं बाई. पुरे करतो."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. अण्णा रडले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

शब्द त्यांनी इतका पाळला की आमचं घर ओकंबोकं झालं. एकवीस साली त्यांना परतीचं विमान मिळालं. विमानतळात शिरताच त्यांनी वर बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते बघवेना.

"अण्णा, हे छप्पर कसं उभं आहे हो?"

अण्णांनी चोहीकडे नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "आधी बघ, कुठे कावळा नाही ना?"