काकांनी पाडलेले आटे

"हात लावू का?" असं विचारल्याशिवाय काका कुणाच्या लाकडी वस्तूला हात लावत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी रीतसर परवानगी घेतली, जेवणाच्या टेबलावरून अंगठा फिरवला आणि माझ्या बायकोकडे बघून हळहळत म्हणाले, "अगं, हे लाकूड नाही. हा लाकडाचा फोटो आहे." ते टेबल आम्ही दोघांनी दोन शनिवार भांडत भांडत जोडलं होतं.

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत काका आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, तिथून तरुणपणीच इकडे आले आणि वूस्टरजवळच्या एका मशीन शॉपमधून रिटायर झाले. आम्ही बाकीचे सगळे लॅपटॉपवाले, बल्ब बदलायचा तरी आधी व्हिडिओ बघणारे. त्यामुळे कुणाच्या स्ट्रोलरचं चाक, कुणाच्या मिक्सरचं भांडं, सगळं काकांकडे जायचं. काका सगळं करून द्यायचे, फक्त एका कामाला नाही म्हणायचे. "स्क्रूला, बोल्टला आटे पाडायचे असतील तर दुकानात जा. ते मी करत नाही." का म्हणून विचारलं की, "डोळे गेले आता." हेच काका काकूंना सुईत दोरा ओवून देताना आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

दुसरं कोडं बर्फाचं. बर्फ पडला की आम्ही आपापल्या दारापुढे फावडी घेऊन उभे असायचो आणि काकांची गाडी मात्र बाहेर पडलेली असायची. चाळीस मिनिटांवरच्या एका गावात कुणा म्हाताऱ्या अमेरिकन मित्राच्या दारातला बर्फ उपसायला ते जायचे. त्याला ते 'मास्तर' म्हणत. परत येईपर्यंत दुपार व्हायची आणि मग स्वतःचं दार. सत्तरी उलटली तरी यात खंड नव्हता. आम्ही काकूंची थट्टा करायचो, "काकू, मास्तर की मास्तरीण?" काकू हसायच्या नाहीत. "जाऊ दे त्यांना," एवढंच म्हणायच्या.

मग एका ऑक्टोबरात मास्तर वारल्याचं कळलं. आठवडाभरात मास्तरांची मुलगी पिकअप घेऊन आली, साठीच्या आसपासची, उंच, कमी बोलणारी. तिने मास्तरांनी काकांसाठी ठेवलेली मेपलची एक जाड, लांब फळी उतरवली, काकांच्या हातात एक पाकीट दिलं आणि चहाला न थांबता गेली.

फळी बेसमेंटमध्ये न्यायला काकांनी मला हाक मारली. त्या बेसमेंटमध्ये मी पूर्वी कधी उतरलो नव्हतो. खाली एक लांबलचक कामाचं टेबल, त्यावर जुनी चादर आणि समोरच्या भिंतीवर बंदूक. माझ्या हातातलं फळीचं टोक सुटता सुटता राहिलं. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं म्हणून माझी मुलगी दर काही महिन्यांनी अंधाऱ्या वर्गात गप्प बसून राहण्याची ड्रिल करते. आणि सणाच्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणारे आमचे काका, त्यांच्या तळघरात बंदूक!

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "ठासणीची आहे. पुढून दारू आणि गोळी भरायची, चकमकीच्या ठिणगीने उडवायची. अडीचशे वर्षांपूर्वी इथे बनवायचे तशी. मीच केलीय." मास्तर त्यांच्या शॉपमधले सीनियर. त्यांनीच काकांना हे काम शिकवलं होतं. नळी तेवढी तयार मिळायची, बाकी सगळं हाताने. दिव्याची काजळी नळीला फासून ती लाकडावर दाबायची, जिथे काळं उमटेल तिथे पटाशीने पापुद्रा काढायचा, पुन्हा दाबायची. नळी लाकडात बसायला महिना लागायचा.

"मग सोडलं का?"

काकांनी पाकीट पुढे केलं. "वाच. मी दुसऱ्या ओळीच्या पुढे जाऊ शकत नाहीये."

मी मोठ्याने वाचायला लागलो. मास्तरांचं अक्षर थरथरतं होतं, पण मजकूर सरळ होता. बावीस वर्षांपूर्वी काकांनी बनवलेली एक रायफल जुन्या बंदुकांच्या क्लबच्या मैदानावर मास्तरांच्या हातात फुटली होती. नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी बूच आटे सोडून मागे उडाला. मास्तरांचा एक डोळा गेला, दोन बोटं गेली. त्या बुचाचे आटे काकांनी पाडले होते. दोष कुणाचा हे कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना दिसतच होतं.

पुढच्या परिच्छेदात मास्तरांनी लिहिलं होतं: तुझे आटे चांगले होते. मी सकाळी रायफल भरून ठेवली होती आणि विसरलो. दुपारी तिच्यावरच पुन्हा दारू आणि गोळी भरली, आणि त्या दुप्पट दाबाने बूच उडाला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलो तेव्हाच मला आठवलं. पण भरण्याआधी आत गज घालून नळी रिकामी आहे ना ते बघा, हे क्लबमध्ये नव्या लोकांना मीच शिकवायचो. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत राहिलो. आणि तू बर्फ काढायला यायला लागलास. मग तर सांगणं अशक्यच झालं.

पत्र तिथेच संपलं. काका चादरीवर हात टेकून उभे होते. अपघातानंतर त्यांनी मशीन सोडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली होती, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. टूलरूममध्ये वाढलेला माणूस रिटायर होईपर्यंत स्टोअरमध्ये खोके मोजत बसला होता.

"खिडकीत बसायचा तो," काका शेवटी म्हणाले. "मी बर्फ काढायचो आणि तो खिडकीतून बघत बसायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला दिसत नसेल नीट."

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. "बंदूक?" ती म्हणाली, आणि मग बर्फाचं ऐकल्यावर बंदुकीचं विसरूनच गेली. "बावीस वर्षं? आणि त्याने काढू दिला?"

काकूंचा संताप तर बघवत नव्हता. "ती फळी आधी जाळा," त्या म्हणायच्या. "बावीस हिवाळे माझ्या नवऱ्याची कंबर मोडली त्या माणसाने." काका जेवायचे, हो-नाही म्हणायचे आणि खाली जाऊन बसायचे. दोन महिने खालून कसलाच आवाज आला नाही. मग एके दिवशी कानशीचा आवाज सुरू झाला.

"कुणासाठी करताय हे?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

"मास्तरसाठी नाही. मला बघायचंय, मला येत होतं का."

नव्या रायफलीची सुरुवात त्यांनी बुचापासूनच केली. पहिल्या बुचाचे आटे तिरके गेले. दुसऱ्याचे अर्ध्यावर सोडून त्यांनी हत्यार खाली ठेवलं. तिसरा त्यांनी मला दाखवला, मला तर झकास वाटला. काकांनी तो भंगारात टाकला. चौथा त्यांनी नळीत फिरवला, काढला, काजळी लावून पुन्हा फिरवला आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "हा बसला," म्हणाले. मग रायफलीच्या दस्त्यासाठी ती मेपलची फळी शिकंज्यात चढली. अकरा महिने काम चाललं. काकू रोज जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडायच्या, "चहा ठेवलाय, गार होतोय!" आणि रोज स्वतःच तो खाली नेऊन द्यायच्या.

चाचणीच्या दिवशी मी आणि काकू बरोबर गेलो. क्लबचे जुने पाच-सहा जण मैदानावर होते. काकांनी रायफल एका टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्हाला मातीच्या बांधामागे उभं केलं. एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आटे तूच पाडलेस?" काका हो म्हणाले. "मग मी अजून जरा मागे सरकतो," तो म्हणाला आणि बाकीचे हसले.

माझं डोकंच फिरलं. पत्र काकांच्या खिशात होतं, मला माहीत होतं. मी मराठीत म्हणालो, "काका, दाखवा ना यांना पत्र! आत्ता दाखवा!"

"गप्प बस," काका म्हणाले. "मास्तरची मुलगी याच गावात राहते. उद्या दुकानात गेली की लोक तिला विचारतील."

त्यांनी दोरी ओढली. धूर झाला. तीन वेळा भरली, तिसऱ्यांदा नेहमीपेक्षा जास्त दारू घालून. प्रत्येक वेळी जाऊन बुचाला नख लावून पाहिलं. केसभरही हलला नव्हता. मग टायरवरून सोडवून त्यांनी रायफल खांद्याला लावली. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. बार झाला, धूर विरला आणि काका गवतात मटकन खाली बसले. मी धावत गेलो. रडत होते. "चांगले होते रे," म्हणाले. "माझे आटे चांगले होते."

त्यानंतर सहा आठवड्यांनी, एका साध्या मंगळवारी, फार्मसीच्या रांगेत उभे असताना काका गेले. हार्ट अटॅक. मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन आला आणि मी म्यूट करायचं विसरून "काय?" असं ओरडलो.

फ्यूनरल होममध्ये सगळी श्रूजबरी लोटली होती. क्लबचे म्हातारेही आले, कोट घालून. टोपीवाल्याने माझा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाला, "फार चांगला माणूस. एक चूक केली बिचाऱ्याने, पण ती आयुष्यभर निस्तरली."

काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी तोंड उघडलं आणि काकांचं 'गप्प बस' कानात वाजलं.

"त्याने काही चूक केली नव्हती."

मागून आवाज आला. मास्तरांची मुलगी. ती कधी आली ते कुणी पाहिलंच नव्हतं. सगळा हॉल वळून बघायला लागला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती थांबली नाही. "रायफल माझ्या वडिलांनी दोनदा भरली होती. त्यांना माहीत होतं. गेल्या वर्षीपासून मलाही माहीत होतं."

टोपीवाल्याने माझा हात सोडला. ती तशीच मधोमध उभी होती, हात लोंबकळत, आणि तिच्या आजूबाजूची माणसं नकळत एकेक पाऊल मागे सरकत होती.

काकू उठल्या. गुडघे धरत धरत तिच्यापर्यंत चालत गेल्या. मला वाटलं, आता काय होणार? काकूंनी तिचं मनगट धरलं, तिला पुढे आणलं आणि घरच्या माणसांच्या रांगेत, काकांच्या बहिणीला जरा सरकायला सांगून, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.