वरच्या मजल्याची लाईन

टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं लाइनमन होतो. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतला कुठला खांब वाकलाय आणि कुठल्यावर मुंग्या आहेत, हे मी झोपेत सांगितलं असतं. त्यामुळे घरातल्या घरात जिन्यावरून एक वायर वर न्यायची, याला मी काम समजत नव्हतो. समजायला हवं होतं.

घर मीच बांधलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, आमची खोली आणि रस्त्याच्या अंगाला बायकोची पिठाची गिरण. वर मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. इंटरनेटचा मोडेम खाली हॉलमध्ये. त्याचं वाय-फाय जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत यायचं आणि तिथंच मान टाकायचं, कारण स्लॅब घालताना सळ्यांच्या बाबतीत मी हात आखडला नव्हता. मुलगा सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या कारखान्यात शिफ्टला जायचा, त्याला दिवसा नेटशी देणंघेणं नसायचं. सून घरून काम करायची. एका कंपनीची सॉफ्टवेअर नीट चालतात की नाही, हे तपासायचं काम. वर मोबाइलच्या नेटवर ती कसंबसं भागवायची. आमच्या गल्लीत रेंजचा पत्ताच नसतो. अगदीच अडलं तर लॅपटॉप घेऊन खाली यायची, पण दुपारी एकपर्यंत गिरण चालू, आणि गिरण चालू असताना आमच्या हॉलमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही.

एका शनिवारी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "आप्पा, बुधवारी अकराला मोठी मीटिंग हाय. मागच्या खेपेला मोबाइलवर तीनदा तुटलं, परत त्यांनी फोनच केला न्हाय. वर नेट ईल का वो?"

मीटिंग तुटली म्हणून परत फोनच करत नाही, असलं कसलं ऑफिस, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मला एवढंच ऐकू आलं की वर लाईन पाहिजे आणि ती मीच देऊ शकतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, कुणी माझ्याकडे लाईन मागितली नव्हती. मी म्हणालो, "रविवारी दुपारपर्यंत देतो. त्यात काय हाय?"

बाजारातून दुसरा राउटर आणला. वायर मोडेमपासून जिन्याच्या कडेनं वर नेली, क्लिपा एका रेषेत मारल्या. वायरच्या दोन्ही टोकांना जॅक बसवायची पक्कड माझ्याकडे अजून आहे. काम देखणं झालं, हे मी आजही म्हणेन. राउटरच्या पाठीमागे चार पिवळी भोकं होती आणि एक निळं. मी पिवळ्यात वायर घातली. आमच्या धंद्यात पॅरलल फोन द्यायचा म्हणजे काय, तारांच्या एका जोडीवरून दुसरी जोडी घ्यायची. खाली वाजला की वर वाजतो. भोकाभोकांत भेदभाव करायची आम्हाला सवय नव्हती. आणि माहितीपुस्तिका वाचणं हे शिकाऊ माणसाचं लक्षण, असा माझा जुना समज.

वरचं नेट आलं नाहीच, खालचंही गेलं. वायर काढली की खालचं परत यायचं, घातली की जायचं. निळ्या भोकात घालून बघितली, तरी तेच. सोमवारी दुकानदाराला फोन करून, खराब माल गळ्यात मारलास म्हणून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, आतलं पुस्तक वाचलंय का?" मी फोन ठेवून दिला. गिरणीतून डोकं बाहेर काढून बायको म्हणाली, "तीस वर्षं खांबावर चढलासा, आन् घरातला डबा कळंना व्हय?" दळण आणलेल्या दोन बायका हसल्या. मी त्या दिवशी चहाही घेतला नाही. राग मला लवकर येतो आणि उशिरा जातो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवारी दुपारी मी चष्मा लावून, कुणी बघत नाही अशा बेतानं, जिन्याच्या पायरीवर ते पुस्तक उघडलं. नात शाळेतून आली होती. ती शेजारी बसली आणि उरलेल्या क्लिपा मोजायला लागली. मोजता मोजता म्हणाली, "आज्जा, बेंगळूरच्या घरात बी तूच वायर वडणार?"

"कुठलं बेंगळूर?"

"आई उद्या कंप्युटरवर परीक्षा देणार. पास झाली की आमी जायाचं. थितं लिफ्ट असतीया." मग तिनं तोंडावर हात ठेवला. "कुणाला सांगायचं न्हाय म्हणालीया."

मी तिला आत पाठवलं, आजीकडे लाडू माग म्हणून. मीटिंग नव्हती, मुलाखत होती. मुलाला ठाऊक असणारच. तो बापाशी कामापुरतं बोलतो. सुनेचं मला नवल वाटलं नाही. चिकोडीकडची मुलगी, शिकलेली, हुशार, कन्नड आईच्या भाषेसारखं बोलणारी. निपाणीच्या वरच्या मजल्यावर ती किती दिवस राहणार होती? पण ती गेली म्हणजे मुलगा जाणार, आणि नात जाणार. ते घर मी तीन पिढ्यांचं म्हणून बांधलं होतं. मला धक्का बसला असं नाही म्हणणार. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी पुस्तकाचं पान उलटलं, कारण हातात तेच होतं.

आणि नेमकं त्याच पानावर दुखणं सापडलं. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच होता. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली तर टपालवाला काय करणार? शिवाय घरातल्या फोनना नंबर वाटून द्यायचं काम दोघंही करत होते. दुसऱ्याचा पत्ता बदलायचा, त्याचं वाटप बंद करायचं आणि वायर पुन्हा पिवळ्याच भोकात घालायची. मी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम ते केलं. वीस मिनिटांचं काम. खाली येऊन दुसरं टोक मोडेमला लावलं, दिवा लागला. चौथ्या पायरीच्या वर गेलो, पाचवी, सहावी, सातवी. माझ्या मोबाइलवर नेट आहे ते आहे.

मी परत खाली आलो आणि मोडेममधली वायर काढून ठेवली.

हे मी नीट लिहितोय, कारण याला दुसरं नाव नाही. चालू लाईन मी हातानं बंद केली. नोकरीत असताना असं कधी केलं नव्हतं. खांबावर टेस्ट फोन लावला की कुणाचंही बोलणं कानावर पडायचं. लाईन चालू आहे एवढं कळलं की फोन काढायचा आणि खाली उतरायचं, असा आमचा नियम. ज्या माणसाशी माझं सात वर्षं बोलणं बंद होतं, त्याचीही लाईन मी भर उन्हात जोडून दिली होती. ते सगळं त्या वेळी मला आठवत होतं. आठवत असतानाच मी वायर काढली.

आमच्या जैनांच्या घरात जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. जेवताना सुनेनं विचारलं, "जमलं का आप्पा?"

"न्हाय," मी म्हणालो. "सकाळी बघू."

"असू दे," ती म्हणाली आणि मला दुसरी भाकरी वाढली. नेहमी विचारून वाढते, त्या दिवशी न विचारता वाढली.

बुधवारी सकाळी मी उगाचच बाजारात जाऊन आलो. आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सून नातीच्या अभ्यासाची खुर्ची उचलून जिना चढत होती. केस नीट बांधलेले, अंगात दिवाळीचा कुर्ता. नेट नाही हे माहीत असून ती वर चालली होती. मी म्हणालो, "खुर्ची कशाला, वर हाय की." ती म्हणाली, "ही उंचीला बरी पडतीया," आणि गेली. तिच्या पाठीकडे बघताना माझी मलाच लाज वाटली. मुलीनं लाईन मागितली होती. माझं मत मागितलं नव्हतं.

सव्वादहाला मी वायर लावली. जिना चढून वरच्या पायरीवरून हाक मारली, "बघ आता." ती आतून म्हणाली, "आलं, आप्पा."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. स्लॅब कितीही जाड असला तरी गिरणीची घरघर वर जातेच. पावणेअकराला मी गिरणीचं बटण बंद केलं आणि पट्टा तपासायला घेतला. बायको म्हणाली, "आत्ताच बरा सुचला पट्टा? माणसं थांबल्यात." मी म्हणालो, "तुटला तर आठवडाभर थांबतील." दळणाचे डबे घेऊन चार बायका दारात बसल्या, आणि मी तासभर चांगला पट्टा तपासत राहिलो.

आठ दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी परसात नळाची तोटी बदलत होतो. सून आली आणि धुण्याच्या दगडावर बसली.

"आप्पा, माझं काम झालं. बेंगळूरला. जूनपासनं या म्हणत्यात. तुम्हाला पयलं सांगावं म्हटलं."

"बरं झालं," मी म्हणालो. तिनं सगळ्यांत आधी मला सांगितलं याचा आनंद झाला आणि तोच सहन होईना. मी म्हणालो, "मंगळवारी दुपारचंच लागलंतं नेट. मी काढून ठिवलंतं."

"मला माहीत हाय."

मी पान्हा खाली ठेवला.

"वर लॅपटॉप चालू हुता," ती म्हणाली. "एकदम नेट आलं, अडकल्याल्या मेल धडाधड पडल्या. तुम्हाला सांगावं म्हणून जिन्यात पाय टाकला, तर तुम्ही वायर काढालतासा."

"मग बोलली का न्हाईस?"

ती ओढणीच्या टोकाची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, "काय बोलायचं? तुम्हाला पोरीकडनं कळलंय, हे ध्यानात आलं. तवाच ठरवलंतं. सकाळी तुम्ही वायर लावलीसा तर मुलाखत द्यायची. न्हाय लावलीसा, तर आप्पांना आमचं जाणं सोसायचं न्हाय असं समजायचं आन् हितंच ऱ्हायचं. खाली येऊन काय बसायचं न्हाय, दुसऱ्याच्या घरी बी जायाचं न्हाय. नवऱ्यालाबी तसंच सांगितलंतं."

"आन् ऱ्हायली असतीस?"

"व्हय," ती म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नाही.

जूनमध्ये ते गेले. मुलालाही तिकडे काम मिळालं. नात फोनवर लिफ्टचं सांगते, आणि आता मध्येच कन्नडात शिरते. गल्लीतले लोक म्हणतात, सुनेच्या मुलाखतीसाठी तुम्ही स्वतः वायर ओढलीत, गिरण बंद ठेवलीत, केवढं मोठं मन. बायको तर हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी विषय बदलतो. त्या सव्वादहाला, वायर हातात असताना, सुनेनं काय ठरवलंय हे मला कळलं असतं तर ती वायर मी लावली नसती, हे मला पक्कं माहीत आहे.