मावशींनी आवरलेली खोली

मावशी ही खरं तर हुद्द्याची हाक. सरकारी इस्पितळात बायकांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं खाटा आवरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण ती हाक अशी चिकटली, की सायकलदुरुस्तीच्या दुकानातून दुपारी जेवायला येणारा नवराही दारातूनच ओरडायचा, "मावशी, वाढा!"

त्यांच्या कामाचा कायदा एकच. खाट रिकामी झाली की दहा मिनिटांत तिच्यावर कधी कोणी निजलंच नव्हतं असं दिसलं पाहिजे. येणाऱ्या बाईला गेलेल्या बाईची ऊब लागता कामा नये. चादर ताणून बसवायची, कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, सामान कपाटात.

इस्पितळ दोन मजली होतं. त्याहून उंच मावशी जन्मात कधी चढल्या नव्हत्या. म्हणून दोन दिवस मोठं शहर बघायला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं: तिथला बेचाळीस मजली मनोरा. टोकापर्यंत. बाकी काय बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

"उंचावरून काय दिसणार? घरंच," नवरा म्हणाला. दुकान बंद ठेवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"मग दाखव की घरं," सासूबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तर वर्षं एकच गल्ली बघतेय. का मी वर गेल्यावर दाखवणार आहेस?"

लॉजवर पहिल्याच पहाटे मावशींना पाचला जाग आली. सासूबाई दात शोधत होत्या, नवरा मोरीत होता. तेवढ्या वेळात तिन्ही पलंग ताठ झाले, बेसिन कोरडं झालं, आरशावरचे शिंतोडे गेले, पिशव्या कपाटात गेल्या. टॉवेल घरचेच होते. लॉजच्या टॉवेलांची घडी मोडायला मावशींचा हात धजला नव्हता. निघताना नवऱ्याने किल्ली काउंटरवर ठेवली. बाहेर हरवली तर कोण निस्तरणार?

सासूबाईंच्या चालीने बाग आणि संग्रहालय एवढ्यातच दिवस सरला. मनोरा मात्र कुठल्याही रस्त्याच्या टोकाला डोकं काढून उभा असायचा.

"सूनबाई, हा तुझ्या मागावर आहे बरं का," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या सकाळी मीच जाते त्याच्याकडे."

संध्याकाळी लॉजवर परतले, तर त्यांच्या पिशव्या काउंटरपाशी. खोलीत दुसरं कुटुंब.

"म्हणजे काय? दोन रात्रींचं बोलणं झालं होतं!" नवरा कडाडला.

"झालं होतं," मॅनेजर म्हणाला. "पण किल्ली परत, खोली न वापरलेली. मला वाटलं, पसंत पडली नाही म्हणून गेलात. नव्या पाहुण्यांनी कपाट उघडलं, तेव्हा पिशव्या सापडल्या." मग तो जिन्याकडे वळून ओरडला. खोल्या झाडणारी तरुण बाई हात पुसत आली. "कपाट उघडून बघता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

"पलंगावर सुरकुती नव्हती हो साहेब," ती रडकुंडीला आली.

नवऱ्याने पिशव्या उचलल्या. "झाली हौस? साडेआठची गाडी मिळेल. चला."

मावशींनी जिन्याकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं. "गाडीबिडी काही नाही. अहो, ठेवा त्या पिशव्या. साहेब, तिची चूक नाही. खोली मी आवरली."

"पाहुणे कधी खोली आवरतात का, बाई?"

"एखादा न आवरलेला पलंग आहे?"

होता. तिसऱ्या मजल्यावर, सकाळी रिकाम्या झालेल्या खोलीत. सगळी वरात तिकडे गेली. मावशींनी चादर झटकली, एकदाच, आणि ती गादीवर अशी उतरली जणू तिला जागा पाठ होती. चार कोपरे, चार घड्या. मॅनेजरने घड्याळ बघायच्या आत पलंग तयार.

झाडणारी बाई रडायचं विसरली. "ताई, कुठल्या लॉजवर कामाला?"

"इस्पितळात. ये, कोपरा दाखवते. अंगठा आत घाल. हं, आता ओढ."

सासूबाईंनी तोवर त्या पलंगावर बैठक मारली होती. "मॅनेजरसाहेब, तीन जिने चढलेय. आता मला इथून उठवायचं तर चार माणसं बोलवा."

मॅनेजरला हसू आवरेना. त्याने त्याच खोलीची किल्ली काढून दिली आणि झाडणाऱ्या बाईला म्हणाला, "उद्या वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लिफ्ट बेचाळिसाव्या मजल्यावर थांबली. काचेपलीकडे शहर पसरलं होतं. छपरं, पूल, मुंग्यांसारख्या गाड्या, आणि घरंच घरं, पार धुरकट होईपर्यंत. नवऱ्याने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि डोळे मिटले. मावशी काच धरून सगळ्या बाजूंनी फिरून आल्या, मग लिफ्टवाल्यापाशी थांबल्या.

"ह्याच्या वर काय आहे?"

"गच्ची. पण लिफ्ट नाही हो, साठ पायऱ्या आहेत."

मावशींनी सासूबाईंकडे पाहिलं.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या, "मी बसते इथे ह्याला धरून."