भावोजी आणि ‘ती कंपनी’

माणसाच्या हातातला फोन पाहून त्याची ऐपत, स्वभाव आणि सासरवाडी सांगणारा माणूस उभ्या पेडणे तालुक्यात एकच आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीने नेमकी त्याच्याच गळ्यात माळ घातली. आमच्या भावोजींच्या मते माणूस दोन गोष्टींवरून ओळखावा. एक त्याचा फोन, आणि दुसरी त्या फोनचं कव्हर. तोंडाकडे बघायची गरज त्यांना सहसा पडत नाही. “मास्तरानू, माणूस खोटा बोलता. फोन खोटा बोलणा नाय,” हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली की तेच हाताशी येतं.

हरमलला त्यांच्या घरामागे चार खोल्या आहेत. पर्यटक राहायला येतात. खोलीचं भाडं किती, हा प्रश्न पाहुण्याने विचारला की भावोजी उत्तर देण्याआधी “जरा नंबर लिवन घ्या हां” म्हणतात. पाहुणा खिशातून फोन काढतो आणि त्याच क्षणी त्याचं भाडं ठरतं. बटणाचा फोन असेल तर पाण्याच्या पंपाशेजारची खोली. ऑनलाइन सेलमधला असेल तर मधली. हप्त्यावर घेतलेला भारी फोन असेल तर तीच मधली, पण दोन दिवसांचं आगाऊ, कारण “तेचो एक हप्तो माज्या भाड्यातसून जावचो.” आणि ‘त्या कंपनीचा’ फोन असेल तर समुद्राकडची खोली, नवी चादर आणि सकाळी ताईच्या हातचे आंबोळीसारखे गरम पोळे. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं भावोजी त्या कंपनीचं नाव घेत नाहीत. नुसतं ‘ती कंपनी’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात.

एकदा एक गोरा म्हातारा बटणाचा फोन घेऊन आला. त्याला पंपाशेजारी टाकलं. त्याने तीन महिन्यांचं भाडं पहिल्याच दिवशी मोजून दिलं आणि जाताना ताईला पंपाची मोटर दुरुस्त करून दिली. मी भावोजींना म्हटलं, तुमचा अंदाज चुकला. त्यांनी विचार करून सांगितलं, “माणूस बरोबर होतो. फोन चुकीचो घेतल्यान तेना.”

हे सगळं ऐकून ते नुसते पैशाला भुललेले आहेत असं वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. खरं म्हणजे डिचोलीच्या खाणी चालू होत्या तेव्हा खनिज वाहणारे भावोजींचे दोन टिपर त्या रस्त्यावर धावत आणि अख्खा गाव त्यांना शेठ म्हणे. खाणी बंद पडल्या, टिपर गेले, आणि त्यांच्यामागोमाग तो ‘शेठ’ही गेला. लोक नावाने हाक मारायला लागले. त्याच वर्षी कधीतरी भावोजींनी त्या कंपनीचा फोन घ्यायचं मनावर घेतलं.

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत. कोरगावच्या त्यांच्या मूळ देवळात भावोजी कौल लावायला गेले. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, ‘ह्या लेकरान तो फोन घेवचो काय?’ उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. तेव्हा भावोजींनी गुरवाला प्रश्न फिरवून विचारायला सांगितला. ‘तो फोन घेतल्यार वायट जायत काय?’ देवाने सवयीने डावी दिली. भावोजी नारळ ठेवून आनंदाने घरी आले. गुरव मात्र मला पुढे भेटला तेव्हा म्हणाला, “देवाक येवढो कोर्टात उभो केलेलो मी आजवर बघूक नाय.”

नवा फोन परवडणारा नव्हताच. हंगाम संपताना घरी निघालेल्या एका पाहुण्याकडून त्यांनी जुना मिळवला. तो पाहुणा फोनसकट लाटेत पडला होता, हे त्याने भावोजींना विमानात बसल्यावर कळवलं. फोन चालू होई, चमके, फोटोही काढी, पण त्यातून बोललेलं पलीकडच्याला ऐकू जात नसे. तरी तो भावोजींच्या हातात सदैव असे. चहाच्या दुकानात बसले की तो टेबलावर पालथा ठेवायचा, म्हणजे पाठीवरची खूण वर राहते, ही त्यांची पद्धत.

मग बोलायचं कशावर? तर माझी भाची पूर्वा तुयेच्या कारखान्यात लागली आणि पहिल्या पगारात तिने बापासाठी एक साधा फोन आणला. स्वस्तातला, पण बिचारा इमानी. कार्ड त्यात होतं, नंबर त्यावर होता, जगाशी सगळं बोलणं त्यावर होई. तो राहायचा भावोजींच्या बनियनच्या खिशात. तो वाजला की भावोजी हातातल्या भारी फोनकडे बघून कपाळाला आठी घालत, “हंय रेंज नाय. जरा भायर जावन येतंय,” म्हणत, आणि फणसामागे जाऊन बनियनमधल्या फोनवर बोलून येत. येताना पुन्हा भारी फोन हातात. पूर्वाला वाटे, बाबा दोन्ही वापरतात. तिला कुणी काही सांगितलं नाही. ताईलाही नाही सांगवलं आणि मलाही नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

पूर्वासाठी डिचोलीहून स्थळ आलं. मुलगा एका वर्कशॉपात फोरमन, माणसं चांगली, मुलीला पसंत. मध्यस्थाने मुलाचा फोटो पाठवला तेव्हा भावोजींनी तोंड सोडून आधी शर्टाचा खिसा मोठा करून बघितला. खिशातून फोनचा कोपरा दिसत होता. “बारा हप्त्यांचो,” ते म्हणाले आणि फोटो बंद केला. आठ दिवस ताई त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी ते कबूल झाले, पण त्या दिवसापासून त्यांना एक वेगळीच धास्ती लागली. मुलाच्या घरी टिपर नव्हते, पण स्वतःचं दुकान होतं, गाडी होती. “मास्तरानू, थंय कोणी तिका उणी म्हणता कामा नये,” हे ते मला दिवसातून दोनदा सांगायचे आणि फडक्याने तो मुका फोन पुसायचे.

बघण्याच्या दिवशी पाहुणे सकाळीच आले. मुलाचे आईवडील, मुलगा आणि एक काका. लग्न ठरवायचं तर कौल हवाच. म्हणून भावोजींनी आपल्या चुलतभावाला पहाटेच कोरगावला देवळात पाठवलं होतं. देवाने दिलेलं उत्तर गुरव फोनवर कळवणार आणि मगच सुपारी फुटणार, असं ठरलेलं. भावोजींचा बेत सोपा होता. बनियनमध्ये फोन वाजला की रेंज नाही म्हणून फणसामागे जायचं, कौल ऐकायचा आणि परत यायचं. मला त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की ते उठले की मी पाहुण्यांना बोलण्यात गुंतवावं.

चहा व्हायच्या आत मुलाचे वडील म्हणाले, “कौलाचो फोन हंयच घेवया, शेठ. स्पीकरार घाला. आमी सगळे आयकतंव.” आणि त्यांनी स्वतः पुढे वाकून टेबलावरचा तो पालथा फोन सुलटा केला, सगळ्यांच्या मधोमध ठेवला. शेठ हा शब्द कितीतरी वर्षांनी त्या घरात उच्चारला गेला होता. भावोजींचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला. ते उठायला गेले तर मुलाच्या काकांनी प्रेमाने त्यांचा हात धरून बसवलं.

आम्ही सहा माणसं एका काळ्या काचेकडे टक लावून बसलो. ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी. भावोजींच्या कपाळावर घाम जमायला लागला होता आणि ते डाव्या हाताने छाती दाबून धरत होते. पाहुण्यांना वाटलं असेल, मुलीच्या बापाचं काळीज आहे.

तेवढ्यात वाजला. टेबलावर नाही, छातीत.

आधी कुणाला कळेना. मुलाची आई इकडेतिकडे बघत म्हणाली, “खंय वाजता गो?” भावोजी जागचे हलले नाहीत. घंटा पूर्ण वाजून थांबली. मी घसा खाकरून काजूच्या भावाबद्दल काहीतरी बोललो, माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा वाजला. आता सगळे भावोजींच्या छातीकडे बघत होते. मुलाचे वडील हसून म्हणाले, “तुमच्याकडे दुसरोय आसा वाटता.”

“तो?” भावोजी म्हणाले. “तो आमचो न्हय. पाडेल्याचो. सकाळी माडार चडलो, नारळ पाडल्यान आनी फोन हंयच विसारलो. म्हणान खिशात घातलंय. असले फोन आमी खंय वापरतलंव?”

पूर्वा त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिने ते शब्द पुरते ऐकले. ट्रे हातात तसाच धरून ती क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आता ट्रे पडणार आणि ठरलेलं सगळं मोडणार. ती मुलीच्या जातीला साजेशी खाली मान घालून आत गेली असती तर भावोजी वाचले असते. पण ती त्यांचीच मुलगी, त्यांच्याइतकीच हट्टी आहे. तिने ट्रे शांतपणे टेबलावर ठेवला, बापासमोर हात पसरला, आणि भावोजींनी बनियनमधून फोन काढून मुकाट्याने तिच्या हातात दिला. तिने तो स्पीकरवर टाकला आणि “मी पूर्वा,” म्हणाली.

“अगो, कवापासून करतंय,” गुरव पलीकडून ओरडत होता. “उजवो दिल्यान देवान. पयल्याच खेपेक. ह्या टायमाक उलटो सवाल विचारूची गरज नाय म्हणान सांग तुज्या बापाशीक.”

“सांगतंय,” पूर्वा म्हणाली. फोन ठेवून ती पाहुण्यांकडे वळली. “हो माज्या बाबांचो फोन. माज्या पयल्या पगारान घेतलेलो.” आणि आत निघून गेली.

कौल उजवा मिळून आमच्याकडे सुतकासारखी शांतता पसरायची ती पहिलीच वेळ. शेवटी मुलाची आई म्हणाली, “फोनाचा ऱ्हवांदे. चाय थंड जाता.” मुलाने कप उचलला, म्हणून बाकीच्यांनीही उचलले. सुपारी फुटली. लग्न ठरलं.

पण पूर्वाने बापाशी बोलणं टाकलं. जेवायला हाक मारायची तीसुद्धा ताईमार्फत. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, “मामा, तेंका लाज फोनाची वाटत होती काय माजी, येवढाच माका सांग.” मी मास्तर माणूस, तो प्रश्न तसाच उचलून भावोजींकडे नेला. ते समुद्राकडे बघत म्हणाले, “तिची कशी वाटतली रे? लाज माका माजीच वाटता. ती थंय जातली तेव्हा शेठाचा चेडू, शेठाची लेक म्हणान जावची, इतक्याच होता.” हे जाऊन तिला सांगा म्हटलं, तर मान हलवली. आमच्याकडचे बाप असली वाक्यं मेव्हण्याला सांगतात, मुलीला नाही. भारी फोन त्या दिवसापासून त्यांनी कपाटात टाकला. तेही तिला दिसावं म्हणून नाही, लपवूनच.

लग्न झालं. निरोपाच्या वेळी पूर्वा आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली, आणि बापासमोर येऊन थांबली. भावोजी बनियनचा खिसा दाबून उभे होते. मला वाटलं, आता तशीच गाडीत बसेल आणि हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, तो चार्ज करून ठेवा. पावल्यार फोन करतंय.”

हरमलहून डिचोलीला पोचायला किती वेळ लागतो हे भावोजींइतकं कुणाला ठाऊक असणार? खाणी चालू होत्या तोवर त्याच रस्त्यावर त्यांचे टिपर फिरले. तरी ते मला चारदा विचारून गेले. दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा अंगणात मांडववाले, आचारी, शेजारी सगळे होते. भावोजी फणसामागे गेले नाहीत. भर मांडवात उभं राहून त्यांनी तो फोन कानाला लावला आणि “हां बाय, पावलंस?” एवढंच म्हणाले. पुढचं तीच बोलत होती.

आता त्याला पुष्कळ दिवस झाले. खोल्यांचं भाडं भावोजी अजून फोन बघूनच सांगतात, माणूस तेवढा बदलला नाही. पूर्वाला मूल झालं, कारखान्याच्या पाळ्या बदलतात, आधी रोज येणारा तिचा फोन आता आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा. तिचं काही चुकत नाही. परवा मी हरमलला गेलो तर भावोजी सोप्यावर एकटेच बसले होते. फोन शेजारी, सुलटा. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “मास्तर, जरा माका एक मिस कॉल मार बघूया. हो वाजता काय नाय, समजणा नाय.”

मी नंबर लावला. फोन त्यांच्याजवळ वाजू लागला. त्यांनी तो उचलला नाही, तोडलाही नाही, नुसते ऐकत राहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण मीही तोडला नाही. घंटा पूर्ण वाजून आपोआप थांबली.

“वाजता,” भावोजी म्हणाले. “म्हणजे फोन बरो आसा.”