शेवटची पंगत: मनीषनगरच्या भुतापुढे एक तास आवाज न चढवता

अट श्रावणीची होती.

"एक तास. त्या एका तासात तू कोणावर भडकला नाही, तं रविवारी मी कन्हानला तुझ्या घरी येईन, आईंना भेटीन. भडकला, तं हा विषय आपण पुन्हा काढायचा नाही."

आदल्या आठवड्यात नागपुरात बर्डीवर एका ऑटोवाल्याशी माझी जुंपली होती. तो तिला उद्धट बोलला, म्हणून मी त्याच्या ऑटोची चावीच काढून घेतली. मला वाटलं ती खूश होईल. ती माझ्याकडे न बघता सरळ मेट्रोत जाऊन बसली. तीन दिवस फोन नाही, मेसेज नाही. मी मामाच्या टेंट हाउसमध्ये बसून खुर्च्या मोजत होतो आणि दर वेळी आकडा चुकत होता. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

हा मार्ग काढला नितेशने. नित्या माझा शाळेपासूनचा मित्र, कोळशाच्या ट्रकांचा हिशेब बघतो आणि जगात कोणाशीच भांडत नाही. त्यानेच मनीषनगरातल्या एका हॉरर एस्केप रूमची जाहिरात श्रावणीला पाठवली. चौघांना आत कोंडतात, एक तास देतात, कोडी सोडवायची आणि बाहेर पडायचं. मध्ये भूत येतं. "तिथं या पवन्याची परीक्षा घे," म्हणाला. मित्र आहे की वैरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जायचं असेल तर आधी ऑनलाइन बुकिंग करा, शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळत नाही. माणशी सहाशेच्या आसपास पडतं, मधल्या वारी थोडं कमी. आम्ही शनिवारी दुपारची वेळ घेतली, कारण श्रावणी धंतोलीत एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे आणि शनिवारी तिला अर्धा दिवस असतो.

कन्हानहून नित्याच्या गाडीवर निघालो. पुलावर नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग, कामठीत नेहमीप्रमाणे धूळ. एका कारवाल्याने अशी कट मारली की माझ्या तोंडातून शब्द निघालाच.

"तास चालू नाही झाला अजून," नित्या पुढून म्हणाला. "आता काढून घे सगळं."

ऑटोमोटिव्ह चौकात गाडी लावून मेट्रो धरली. तुम्हीही हेच करा. उन्हात शहर ओलांडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि वरून नागपूर जरा शहाणं दिसतं. काँग्रेसनगरला श्रावणी चढली. पिवळा कुर्ता, केसांना क्लिप, खांद्यावर डब्याची पिशवी. आठवड्याभराने बघत होतो तिला. काय बोलायचं ते कामठी रोडभर पाठ करत आलो होतो. तोंडातून निघालं, "जेवली का?"

"हव," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत किंचित हसली. माझी मेट्रो तिथेच हवेत उडाली.

तिच्यासोबत तिची रूममेट मोना होती. मोना लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे तिला भीतीबिती नसेल असं मला वाटलं होतं. उज्ज्वलनगर स्टेशनला उतरेपर्यंत तिने तीनदा विचारलं, "भूत हात तं नाही ना लावत?"

ठिकाण एका साध्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी टेलर. मोबाइल लॉकरमध्ये ठेवले. एका मुलीने नियम सांगितले: काही तोडायचं नाही, जबरदस्तीने ओढायचं नाही आणि कलाकाराला स्पर्श केला तर खेळ तिथेच संपतो. शेवटचा नियम ऐकताना तिघंही माझ्याकडे बघत होते.

खेळाचं नाव 'शेवटची पंगत'. गोष्ट अशी, की एका मंगल कार्यालयात लग्नाची पंगत बसली आणि पुन्हा उठलीच नाही. तिथला आचारी अजून पाहुण्यांची वाट बघत फिरतो. भटारखान्यातली किल्ली शोधून मागच्या दाराने बाहेर पडायचं.

दार बंद झालं. पहिली खोली नवरीची. लाल दिवा, फुटका आरसा, सुकलेले गजरे, कुठूनतरी शहनाई, मध्येच अडकणारी. टेंटवाल्याच्या नजरेने सांगतो, झालरी बरोबर लावल्या होत्या, पडदा मात्र आमच्याकडे याहून चांगला मिळतो. मी हे बोलून दाखवलं आणि त्याच क्षणी आरशात एक तोंड दिसलं. मोनाने नित्याचा दंड असा धरला की त्याला ओरडायला भुताची गरजच राहिली नाही.

"अवं सोड! सुई टोचून राहिली का?"

आरशावर काही अक्षरं उलटी लिहिलेली होती. श्रावणीने ती वाचली आणि गजऱ्याच्या टोपलीतून दुसऱ्या खोलीची किल्ली काढली. मी तिच्यामागे तिथलाच दिवा धरून उभा. माझं काम तेवढंच होतं आणि मला ते फार आवडत होतं.

दुसऱ्या खोलीत पंगत मांडली होती. जमिनीवर लांब पट्ट्या, पत्रावळी, प्लॅस्टिकची पुरी, प्लॅस्टिकचा वरणभात, समोर बंद दार. आम्ही चौघं आत शिरलो, इकडेतिकडे शोधू लागलो. पत्रावळी उचलल्या, ग्लास उलटे केले, भिंती ठोकल्या. काही होईना. घड्याळ पळत होतं. शेवटी श्रावणी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पंगत वाढून ठेवली आहे आणि आपण उभेच. बसा ना गा!"

चौघं मांडी घालून बसलो. खट्! समोरचं दार उघडलं आणि एक लाल बल्ब सोडून सगळे दिवे गेले.

मागून पावलांचा आवाज आला. डोक्याला रक्ताळलेलं फडकं, हातात भला मोठा झारा, "अजून वाढू काऽऽ" असं ओरडत आचारी धावत आला. मोनाची किंकाळी खाली टेलरपर्यंत गेली असणार. श्रावणीने माझी बाही धरली. आता तो तिच्या अंगावर येणार, माझी मूठ वळणार आणि रविवार जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तो पोचलाच नाही. आम्ही शिरलो त्या दारातच धाडकन आडवा झाला. झारा एकीकडे, फडकं दुसरीकडे.

"आई गंऽऽ! हे काय ठेवलं बे इथं?"

आमच्या चपला होत्या. चौघांच्या. वाढलेल्या पंगतीत पायताण घालून कोण जातं? आत शिरताना चौघांनीही न बोलता, न ठरवता उंबऱ्यापाशी काढून ठेवल्या होत्या. लग्नांत पट्टीवर बूट घालून चालणाऱ्या किती पाहुण्यांवर मी ओरडलो असेन! इथे तर मला आठवतही नव्हतं, की मी अनवाणी आहे.

तो गुडघा धरून कण्हत होता. मी उठलो, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं.

छतातला स्पीकर करकरला, नियम सांगणाऱ्या मुलीचाच आवाज. "कलाकाराला स्पर्श झालेला आहे. नियमानुसार खेळ समाप्त."

बघा, मला शिवी दिली तर मी एक वेळ सोडून देतो. अन्याय झाला की माझ्या कानशिलात काहीतरी पेटतं. कॉलेज सुटलं ते त्यानेच, ऑटोची चावी गेली तीही त्यानेच. पडलेल्या माणसाला उचललं म्हणून बाद? कानशिलं पेटली होती. तोंड उघडलं होतं. पण बाहीवर अजून तिची बोटं होती.

मी छताकडे बघून हात जोडले. "मॅडम, माणूस पडला होता. पडलेल्याले उचलू नका असं नियमात नव्हतं. तुम्हीच विचार करून सांगा."

आवाज सपाट. माझा मलाच ओळखू आला नाही.

"नियम म्हणजे नियम," स्पीकर म्हणाला.

आणि बाहीवरची बोटं सुटली.

"काहून बंद?" श्रावणी उठून उभी राहिली होती. "काहून बंद, सांगा ना! तुमचा माणूस पडला, यानं उचलला, तं गुन्हा झाला का? दवाखान्यात काम करते मी, पडलेल्या माणसाले लोक कसे ओलांडून जातात, रोज पाहते! खाली या तुम्ही, इथं उभं राहून सांगा!"

नित्या माझ्या कानाशी आला. "भाऊ, हे तं तुझ्यावरची निघाली."

मी तिला बघत होतो. नाकाचा शेंडा लाल, क्लिप निसटलेली, अख्ख्या छताला दम देणारी. जगात कुठल्या मुलाला इतकं सुख मिळालं असेल मला माहीत नाही.

मग भूतच बोललं. झारा उचलून, लंगडत, स्पीकरखाली उभं राहून. "ताई, चालू द्या. मले काही झालं नाही. या भावानं उचललं म्हणून उभा आहे." गुडघा चोळत, "आणि यांच्या चपला पहिले बाजूला करा."

स्पीकर खट् करून बंद झाला. शहनाई पुन्हा सुरू झाली, मध्येच अडकणारी.

भटारखान्यात माणूस बसेल एवढं पातेलं होतं, आत मिट्ट काळोख. मोनाने झाकण उचललं, मी डोकं घातलं, तळाशी पडलेल्या ओल्या चिंध्यांत हात फिरवून किल्ली काढली. मागे आचारी "वाढू का" म्हणत कण्हत होता, आणि त्याचं कण्हणं आता इतकं खरं वाटत होतं, की मोना वळून म्हणाली, "दादा, गुडघ्याले बरफ लावा." मागचं दार उघडलं तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होती. बाहेरची पितळी घंटा मी वाजवली. वाजवतच राहिलो. टेलर वर बघायला आला.

एक टीप: मोजे घालून जा. आत फरशी गार आहे.

नंतर चौकात तर्री ओतलेला आलुबोंडा खाल्ला. डोळ्यांत पाणी आणणारी तर्री, वरून चहा. भूतही ड्यूटी आटोपून गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून आमच्यात उभं होतं. बांधणी श्रावणीची होती.

"मंग निकाल काय?" नित्याने विचारलं. "पवन्या पास. आणि तू वं श्रावणी?"

"माझ्यासाठी अट होती का?" तिने बोंड्याचा तुकडा तोडला. माझ्याकडे न बघताच मला म्हणाली, "रविवारी किती वाजता येऊ, ते विचार तुझ्या आईंना."

परतीच्या रस्त्यावर कामठीत एकाने पुन्हा कट मारली. मी मागून म्हणालो, "जाऊ दे त्याले." नित्याने गाडी थांबवून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

हे लिहितोय तो रविवारच आहे. आतून आईचा आवाज येतोय, "अगं, अजून एक पोळी घे," आणि श्रावणीचं "नको ना काकू" मोठमोठ्याने, जसं स्पीकरला ठणकावलं होतं तसंच. आई हरणार, असं दिसतंय. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो आहे. आमच्या उंबऱ्यावर, अगदी मधोमध, तिच्या चपला आहेत. वाकून उचलल्या आणि भिंतीच्या कडेला माझ्या चपलांशेजारी लावून ठेवल्या. कोणी अडखळायला नको.