कुरडयांवरचं आकाश

आकाशातून पृथ्वीकडे पाहिलं की माणसाला कशाचा मोह उरत नाही, असं आमच्या ऑफिसात भाषणाला येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. उपग्रहाच्या चित्रांवर वणव्यांचा धूर शोधायचा आणि तो कुठं निघालाय ते नोंदवायचं, ही माझी नोकरी. इतकी वर्षं मी आकाशातून पाहतोय. चित्र उघडलं की आधी खुटबाव शोधतो आणि मग आमची गच्ची. ती अर्थात दिसत नाही.

त्या एप्रिलमध्ये मी गावाकडूनच काम करत होतो. धाकट्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, मुलगा शिरूरचा. रुखवतासाठी वहिनींनी गहू भिजत घातले होते. थोरलीच्या वेळी वाळत घातलेल्या कुरडयांवर उसाच्या पाचटाची राख पडली होती, आणि मुलाच्या आत्यानं भर मांडवात कुरडई हातात धरून विचारलं होतं, "तीळ लावलेत व्हय?" धाकटीही त्याच भावकीत चालली होती. आत्या येणारच होत्या.

चीक शिजवायच्या आदल्या दिवशी भुलेश्वरच्या डोंगराला वणवा लागला. सकाळी उठलो तर गवत अजून धुमसत होतं. वहिनी माझ्या लॅपटॉपसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, तीन दिस गहू भिजलेत. आज चीक शिजवला न्हाई तर आंबंल. धूर कुणीकडं जाणार तेवढं सांगा, बाकी जगाचं मागनं बघा."

माझ्याकडे कालचं चित्र होतं. त्यात धुराची फिकट रेघ उत्तरेला गेली होती. आजही ती तशीच जाईल असं म्हणायला शास्त्रात फारशी जागा नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला वहिनींच्या चेहऱ्यावर त्याहून कमी होती.

"शिरूरकडं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. पोरीच्या आदी कायतरी गेलं पायजे तिकडं."

गल्लीतल्या बाया सोऱ्या घेऊन गच्चीवर आल्या. आठपर्यंत पांढऱ्या साडीवर कुरडयांच्या रांगा लागल्या, गरम चिकाच्या वाट्या फिरल्या, होणाऱ्या नवऱ्याच्या चालण्याची नक्कलही झाली. धुराकडं बघत बसलाच आहात तर कावळे पण हाका, असं सांगून मला छत्रीखाली बसवलं. दहाच्या सुमारास धूर आमच्याकडे झुकला. हसणं थांबलं. एक काळी काडी तरंगत आली आणि शेजारच्या पत्र्यावर उतरली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जणू वारा मीच सोडला होता. मग तो फिरला, धूर सरळ उत्तरेला लागला आणि बायांनी पुन्हा नवरदेवाला धरलं.

लग्नात आत्यांनी एक कुरडई उचलली, उजेडाला धरली, उलटी करून पाहिली आणि जपून जागेवर ठेवली. मग वहिनींना बाजूला घेऊन, घरी नेण्यापुरत्या मिळतील का, असं हळूच विचारलं. वहिनी दिवसभर हसत होत्या.

पुढं जे झालं ते टाळता आलं असतं. माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं. फेटा, शाल, नारळ. विज्ञानामुळे आपल्या घराण्याची लाज राहिली, असं सूत्रसंचालक म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उपग्रह आमच्या भागावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो. कुरडया घातल्या त्या दिवशीच्या चित्रात खुटबाववर ढग आहे.